अडतीचा जुना क्लिपर प्रोग्रॅम नव्या मशीनवर: फ्रीडॉस कुठे अडतो आणि का

प्रश्न थोडक्यात असा: परभणीच्या मोंढ्यात अडत दुकान. आवक, शेतकऱ्याची पट्टी, हमाली-तोलाई, खरेदीदाराची उधारी हे सगळं क्लिपरमध्ये (डॉसच्या काळातली, डेटाबेसचे प्रोग्रॅम लिहायची भाषा) लिहिलेल्या जुन्या डॉस प्रोग्रॅमवर. सोर्स कोड नाही, लिहिणारा आता या धंद्यात नाही. जुन्या पेंटियमचा मदरबोर्ड गेला, हार्डडिस्क शाबूत आहे. 12व्या पिढीचा आय3 घेतला, त्याच्या बूट मेनूत फ्रीडॉसचा (एमएस-डॉसच्या जागी चालणारी मोफत सिस्टिम) पेनड्राइव्ह दिसतच नाही. घरच्या 2013 च्या सुमाराच्या मशीनवर तोच पेनड्राइव्ह चालतो, पण मेमरीची ओळ आली की थिजतो. आणि डॉट मॅट्रिक्सला यूएसबी-पॅरलल केबल लावूनही पट्टी छापली जात नाही.

ह्या तीन वेगवेगळ्या तक्रारी आहेत. त्यातली पहिली दुरुस्त होण्यासारखी नाही, दुसरी अर्ध्या तासाची आहे, आणि कुठलं मशीन ठेवायचं याचा निकाल तिसरीवर लागणार आहे. प्रिंटरचा प्रश्न लोक शेवटाला ठेवतात. पट्टी निघणार नसेल तर प्रोग्रॅम चालून उपयोग काय?

काहीही करण्याआधी जुनी डिस्क. ती थेट नव्या मशीनला लावून बूट करू नका. यूएसबी-आयडीई अॅडॉप्टर घ्या, डिस्कचा जंपर मास्टरवर ठेवा, लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून डीडीरेस्क्यूने अख्ख्या डिस्कची प्रतिमा काढा आणि पुढचं सगळं काम त्या प्रतिमेतून काढलेल्या प्रतीवर करा. प्रोग्रॅमचं फोल्डर जसंच्या तसं उचला. फक्त डीबीएफ (नोंदींच्या फाइली) उचलून भागत नाही, डीबीटी, एनटीएक्स (इंडेक्सच्या फाइली), मेम, एफआरएम हे सगळं लागतं. सीडीवर काढलेली प्रत परत आणली असेल तर फाइलींवर रीड-ओन्लीचा शिक्का बसलेला असतो. मग प्रोग्रॅम फाइल उघडताना डॉस एरर 5 देतो. फोल्डरमध्ये जाऊन अॅट्रिब -आर *.* एवढंच करायचं.

आता पेनड्राइव्ह का दिसत नाही ते. फ्रीडॉस 1994 साली सुरू झालेला प्रकल्प, आणि त्याचा कर्नल आजही एमएस-डॉससारखाच बायोसच्या (मदरबोर्डावरचा, मशीन चालू करणारा प्रोग्रॅम) इंटरप्टवर, म्हणजे त्याच्याकडून काम करून घ्यायच्या ठरलेल्या क्रमांकांवर, जगतो: डिस्कसाठी इंटरप्ट 13, पडद्यासाठी 10, कीबोर्डसाठी 16. नव्या बोर्डांवर बायोस नाही, त्याच्या जागी आलेला यूईएफआय आहे. जुना बायोस असल्याचं भासवणारा यूईएफआयमधला भाग म्हणजे सीएसएम. तो 2020 पर्यंत काढून टाकणार असं इंटेलने 2017 मध्येच सांगितलं होतं. 11व्या-12व्या पिढीच्या बऱ्याच बोर्डांवर सीएसएमची ओळ नसते, किंवा असली तरी फिकट असते, कारण प्रोसेसरच्या अंगच्या ग्राफिक्सला जुना व्हिडिओ बायोसच मिळत नाही. फ्रीडॉसच्या पेनड्राइव्हवर यूईएफआयला उचलता येईल अशी फाइल नसल्यामुळे बूट मेनू त्याला मोजतच नाही. पेनड्राइव्ह खराब नाही, रुफसमध्येही (बूट होणारा पेनड्राइव्ह बनवायचं साधन) तुमचं काही चुकलेलं नाही.

खात्री करायची तर सेटअपमध्ये सिक्युअर बूट बंद करा, मग बूटच्या पानावर सीएसएम किंवा लेगसी शोधा. ओळ चालू होत असेल तर नशीब. नसेल तर काही बोर्डांवर जुना व्हिडिओ बायोस असलेलं वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवल्यावर ती चालू होते. पण त्यासाठी खर्च करण्यात अर्थ नाही. कारण पुढची अडचण तयारच आहे: सीएसएम असूनही एनव्हीएमई डिस्क इंटरप्ट 13 मधून दिसेलच असं नाही, तिथे साटा एसएसडीच लागते. यूईएफआयवरून आधी सीबायोस (मुक्त स्रोत बायोस) चढवून त्यावर डॉस चालवणारे सीएसएमरॅपसारखे प्रयत्नही आहेत. हौस म्हणून करून बघा, गादीवरच्या मशीनवर नको.

म्हणजे आय3 वर फ्रीडॉस थेट चालवण्याचा नाद सोडा. त्याचं काय करायचं ते खाली येतंच.

2013 चं मशीन मात्र कामाचं आहे. तिथे डिस्कची मांडणी नीट करा. पेनड्राइव्हवरून बूट केलं की बायोस पेनड्राइव्हलाच पहिली डिस्क म्हणतो. तो सी होतो आणि आतली डिस्क डी. एफडिस्कमध्येही पहिली डिस्क म्हणजे पेनड्राइव्ह. डिस्कचा आकार वाचूनच पुढे जा. इथे घाई केली की माणूस पेनड्राइव्ह पुसतो किंवा, त्याहून वाईट, भलतीच डिस्क. पेनड्राइव्ह ए म्हणून आला तर सेटअपमधलं यूएसबी मास स्टोरेज इम्युलेशन ऑटोवरून हार्डडिस्कवर न्या. अनेक बोर्डांवर ऑटो म्हणजे 530 एमबीपेक्षा लहान साधन फ्लॉपी धरलं जातं.

आतली डिस्क 500 जीबीची असली तरी डॉसला 1000 एमबीचा एकच प्रायमरी भाग द्या. एफडिस्क सुरुवातीला मोठ्या डिस्कचा, म्हणजे फॅट32 चा आधार हवा का विचारतो, तिथे नाही म्हणा. फॅट16 बास आहे. कंजूषपणाचा हा सल्ला मुद्दाम देतोय. जुने प्रोग्रॅम डिस्कवरची मोकळी जागा चिन्हासकट 32 बिटांच्या आकड्यात मोजतात. 2 जीबीच्या वर गेलं की तो आकडा उणे होतो आणि प्रोग्रॅम ‘डिस्कवर जागा नाही’ म्हणून थांबतो. अडतीचा वीस वर्षांचा डेटा 1000 एमबीत आरामात मावतो.

भाग केला, तो अॅक्टिव्ह केला, की मशीन पुन्हा चालू करा. त्याशिवाय कर्नलला नवा भाग दिसत नाही. मग फॉरमॅट डी:, मग सिस डी:, आणि बूट सेक्टरच्या आधीचा तुकडा जुना असेल तर एफडिस्क /एमबीआर 2. शेवटचा 2 विसरलात तर ते पेनड्राइव्हवर लिहिलं जाईल. पेनड्राइव्ह काढून चालू केल्यावर डी चा सी होतो, म्हणून एफडीकॉन्फिग.सिस आणि एफडीऑटो.बॅट उघडून त्यात कुठे डी: राहिलंय का बघा. ‘कमांड इंटरप्रिटर सापडत नाही’ अशी तक्रार बहुतेक वेळा शेलच्या ओळीतल्या चुकीच्या अक्षरामुळेच येते.

चालू होताना ‘सस्पेक्ट पार्टिशन’ असा इशारा दिसला तर घाबरू नका. डिस्कचे भाग दुसऱ्या मशीनवर पाडलेले असले की सिलिंडर-हेडचा हिशोब आणि एलबीएचा (सेक्टरना सलग क्रमांक देण्याची पद्धत) हिशोब जुळत नाही, कर्नल तेवढंच सांगतो आणि स्वतःचा हिशोब धरून पुढे जातो. इशारा नको असेल तर भाग त्याच मशीनवर पुन्हा पाडा.

मेमरीच्या ओळीवर थिजणं. फ्रीडॉस 1.3 च्या मेनूत पहिला पर्याय जेमएक्स या मेमरी मॅनेजरचा असतो. जेमएक्स 640 केबी ते 1 एमबीच्या पट्ट्यात मोकळी वाटणारी जागा शोधून तिथे आपली मेमरी बसवतो. यूईएफआय बोर्डाचा सीएसएम नेमका त्याच पट्ट्यात, सी000 ते ईएफएफएफ दरम्यान, यूएसबी आणि डिस्कचा आपला कोड ठेवतो, आणि ती जागा दरवेळी भरलेली दिसतेच असं नाही. जेमएक्स त्यावर बसला की कीबोर्ड मरतो किंवा मशीनच थिजतं.

चालू होताना एफ8 दाबून एकेक ओळ हो-नाही करत जा, नक्की कुठे थांबतंय ते कळेल. एफ5 ने सगळ्याच ओळी टाळता येतात. बहुतेक क्लिपर प्रोग्रॅमना जेमएक्सची गरज नसते. ती ओळ काढून हायमेमएक्स (1 एमबीच्या वरची, म्हणजे एक्सएमएस, मेमरी देणारा साधा ड्रायव्हर) ठेवा:

डिव्हाइस=सी:\फ्रीडॉस\बिन\हायमेमएक्स.ईएक्सई /मॅक्स=32768
डॉस=हाय
फाइल्स=80
बफर्स=20
कंट्री=044,850,सी:\फ्रीडॉस\बिन\कंट्री.सिस
आयडलहॉल्ट=1

इथे मी नावं देवनागरीत लिहिलीत, फाइलीत अर्थातच रोमनमध्ये टाकायची. मॅक्सचा आकडा केबीमध्ये आहे, म्हणजे 32 एमबी. 4 जीबी एक्सएमएस समोर आली की काही जुने प्रोग्रॅम गोंधळतात, कारण त्यांच्या काळात 64 एमबी हीच कमाल होती. 044 मुळे तारीख दिवस-महिना-वर्ष अशी येते. अमेरिकी मांडणी राहिली तर डॉसची तारीख जशीच्या तशी छापणाऱ्या रिपोर्टात 7 नोव्हेंबरचं 11 जुलै झालेलं दिसतं. आयडलहॉल्ट प्रोसेसरला रिकाम्या वेळी थांबू देतो. तो नसेल तर डॉस कळ दाबायची वाट बघतानाही प्रोसेसर पूर्ण वेगाने पळवतो, आणि मे महिन्यात, धुळीने भरलेल्या पंख्यासह, ते परभणीत परवडणारं नाही.

नंतर मेम /सी /पी चालवा. कन्व्हेन्शनल (पहिल्या 640 केबीतली) मेमरी 580 केबीच्या वर मोकळी दिसली तर जेमएक्स विसरून जा. प्रोग्रॅम तरीही मेमरी मागत असेल तरच जेमएक्स परत आणा, पण नोईएमएस आणि एक्स=टेस्ट लावून; तेवढ्याने भागलं नाही तर एक्स=सी800-ईएफएफएफ देऊन तो पट्टाच वर्ज्य करा. आणि मशीनला पीएस/2 सॉकेट असेल तर साधा पीएस/2 कीबोर्डच लावा. यूएसबी कीबोर्ड डॉसमध्ये चालतो तो बायोसच्या लेगसी यूएसबी सपोर्टच्या जोरावर. सेटअपमध्ये ती ओळ बंद असेल तर फ्रीडॉस व्यवस्थित चालू असतो आणि आपल्याला वाटतं थिजलाय.

क्लिपरच्या चुका वाचायला शिका, निम्मं काम तिथे होतं. डीबीएफएनटीएक्स/1001 सोबत डॉस एरर 4 म्हणजे एकाच वेळी उघडलेल्या फाइली जास्त झाल्या. फाइल्स=80 एकट्याने पुरत नाही, क्लिपरलाही सांगावं लागतं: एफडीऑटो.बॅटमध्ये सेट क्लिपर=एफ:70. डॉस एरर 2 आणि 3 म्हणजे फाइल किंवा मार्ग सापडला नाही. जुना प्रोग्रॅम डी:\हिशोब असा पक्का मार्ग धरून बसलेला असेल तर सब्स्ट कमांडने तसं ड्राइव्ह उभं करा. एरर 32 म्हणजे दुसऱ्या कोणीतरी फाइल धरून ठेवलीय. 1012 म्हणजे इंडेक्स बिघडला. एनटीएक्स बाजूला काढून प्रोग्रॅममधल्या रीइंडेक्सच्या मेनूतून नव्याने बनवा. क्लिपरऐवजी टर्बो पास्कलमधला प्रोग्रॅम असता आणि सुरू होतानाच रनटाइम एरर 200 आला असता, तर दोष मेमरीचा नाही, वेगाचा. साधारण 200 मेगाहर्ट्झच्या पुढे त्यातली विलंब मोजणारी लूप शून्याने भागायला लागते आणि ईएक्सईला पॅच मारावा लागतो.

आता प्रिंटर. यूएसबी-पॅरलल केबल डॉसमध्ये एलपीटी1 देत नाही. ती केबल म्हणजे यूएसबी प्रिंटरचा कंट्रोलर आहे, त्याला ड्रायव्हर लागतो, आणि तुमच्या प्रोग्रॅमला फक्त 378 पत्त्यावरचं पोर्ट ठाऊक आहे. 2013 च्या मशीनची मागची बाजू बघा. एच61, एच81 बोर्डांपैकी बऱ्याच बोर्डांवर मागे पॅरलल पोर्ट नसलं तरी बोर्डावर एलपीटी लिहिलेली पिनांची दुहेरी रांग असते. तिथे ब्रॅकेटसह केबल बसवली की खरंखुरं एलपीटी1 मिळतं. सेटअपमध्ये पोर्ट 378 वर, मोड एसपीपी किंवा नॉर्मल. जुन्या प्रोग्रॅमला पॅरलल डाँगल (नक्कल रोखायला पोर्टात लावायचं कुलूप) असेल तर ईसीपी मोडवर ते ओळखलं न जाणं हा नेहमीचा घोळ आहे.

पिनांची रांगही नसेल तर पीसीआय एक्सप्रेसचं पॅरलल कार्ड. ते 378 वर बसत नाही, बोर्ड त्याला डी100 असा काहीतरी पत्ता देतो. लिनक्स लाइव्हमधून एलएसपीसीआय -व्ही ने तो बघून घ्या. डॉस एलपीटी1 चा पत्ता 40:8 या जागेतून वाचतो. डीबग उघडून डी 40:8 एल 8 दिलं की आठ बाइट दिसतात. पहिले दोन 78 03 असतील तर एलपीटी1 378 वर आहे, 00 00 असतील तर एलपीटी1 नाहीच. पत्ता डी100 असेल तर ई 40:8 00 डी1 लिहा. धाकटा बाइट आधी. मग क्यू ने बाहेर पडून इको टेस्ट > एलपीटी1. क्लिपर डॉसमार्फतच छापतो, त्यामुळे एवढ्यावर पट्टी निघते. हे दर चालू करताना हवं, म्हणून ई आणि क्यूच्या त्या दोन ओळी एका साध्या मजकूर फाइलीत ठेवून एफडीऑटो.बॅटमध्ये डीबग < एलपीटी.टीएक्सटी टाका.

छपाई सुरू झाली पण प्रत्येक पट्टी आधीच्यापेक्षा एकेक इंचाने सरकतेय, असं झालं तर प्रोग्रॅमला दोष देऊ नका. 12 इंची कागद म्हणजे 72 ओळी. नवा प्रिंटर कारखान्यातून 11 इंचावर, 66 ओळींवर लावलेला येतो. दर पानाला सहा ओळींचा फरक पडत जातो. प्रिंटरच्या मेनूत बदला किंवा छपाईआधी 27 67 72 हे तीन बाइट पाठवा. अर्ध्या पानाच्या पट्टीला शेवटचा आकडा 36.

पट्टीवर शेतकऱ्याचं नाव मराठीत छापलं जात असेल आणि जुन्या मशीनमध्ये जिस्टचं (डॉसमध्ये भारतीय लिपी दाखवणारं) कार्ड असेल तर वेगळी गोष्ट. ते कार्ड आयएसए स्लॉटचं. 2013 च्या बोर्डावर तो स्लॉट नाही. डेटा इस्कीमध्ये (भारतीय लिप्यांची युनिकोडआधीची संकेतपद्धती) आहे, कार्डाशिवाय पडद्यावर ग्रीक अक्षरं आणि चौकटी दिसतात, पण डेटा मेलेला नाही. विंडोजला इस्की देवनागरी 57002 या कोडपेजने वाचता येते, पॉवरशेलमधून नावांची यादी युनिकोडमध्ये काढून घ्या. छपाई मात्र नव्याने बांधावी लागेल.

आय3 चं काय? त्यावर विंडोज 11 असेल तर ते 64 बिटच असतं, आणि 64 बिट विंडोजमध्ये डॉस प्रोग्रॅम चालवणारा एनटीव्हीडीएम नाही. तिथे डॉसबॉक्स-एक्स वापरा. साधा डॉसबॉक्स खेळांसाठी बनलाय, हिशोबाला नको. डॉसबॉक्स-एक्समध्ये मेमसाइझ 16, हिशोबाचं फोल्डर माउंट, पॅरलल1 फाइलकडे वळवलेलं. छपाई फाइलीत उतरते, आणि एक छोटी बॅच फाइल ती शेअर केलेल्या प्रिंटरवर कॉपी /बी ने पाठवते. /बी सोडू नका. तो नसेल तर कॉपी फाइलीला मजकूर समजते आणि मध्येच 26 क्रमांकाचा बाइट आला की तिथेच थांबते. प्रिंटर यूएसबीचा चालेल, पण ईएससी/पी (एप्सनची प्रिंटरला हुकूम द्यायची भाषा) समजणारा डॉट मॅट्रिक्सच हवा. घरगुती इंकजेटला हे कोड कळत नाहीत. लिनक्स सांभाळणारं कोणी जवळ असेल तर डोसइमू2 अधिक सरळ आहे, एलपीटी1 थेट एलपीआर -एल कडे जातं. व्हर्च्युअल मशीन घेतलंत, क्यूईएमयू वगैरे, तर घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवा. नाहीतर डॉसला ग्रिनिचची वेळ मिळते आणि सगळ्या पट्ट्यांवर वेळ साडेपाच तास मागे छापली जाते.

दोन काउंटरवरून एकच डेटा वापरणार असाल तर आधी प्रतीवर परीक्षा घ्या: एकीकडे शेतकऱ्याचं खातं बदलायला उघडा, दुसरीकडे तेच उघडा. दुसऱ्याला नकार मिळाला पाहिजे. दोघांनाही परवानगी मिळाली तर लॉकिंग चालत नाहीय, आणि एका काउंटरची नोंद दुसऱ्याच्या नोंदीवर बसणार.

माझं मत विचाराल तर गादीवर 2013 चं मशीन, खऱ्या पॅरलल पोर्टसह; आय3 डॉसबॉक्स-एक्स लावून तयार राखीव. दररोज संध्याकाळी फोल्डर पेनड्राइव्हवर, आठवड्याचे दिवस वेगवेगळ्या फोल्डरांत. फ्रीडॉस चालू असताना पेनड्राइव्ह नंतर लावला तर दिसत नाही, मशीन चालू करण्याआधीच लावून ठेवायचा.

शेवटची गोष्ट वीज. डॉसच्या फॅट या फाइल मांडणीला जर्नल (अर्धवट राहिलेलं लेखन सावरणारी नोंद) नाही. सोयाबीनच्या ऐन आवकेत लाइट गेली आणि यूपीएस नसला की शेवटच्या पट्ट्या ‘गायब’ होतात. त्या बहुतेकदा फाइलीत असतात, मोजणीत नसतात. डीबीएफच्या डोक्यात 4 ते 7 या बाइटांत नोंदींची संख्या, 8-9 मध्ये हेडरची लांबी, 10-11 मध्ये एका नोंदीची लांबी. समजा हेडर 610, नोंद 96 बाइटची आणि फाइल 12,10,211 बाइटची. 610 आणि शेवटचा 1 (फाइल संपल्याची खूण) वजा करून 96 ने भागलं की 12,600 येतात. हेडरमध्ये 24 31 00 00 (हेक्समध्ये, धाकटा बाइट आधी) दिसलं तर ते 12,580 आहेत; म्हणजे वीस पट्ट्या झाकलेल्या. आधी चेकडिस्क /एफ चालवा, मग डीबीएफची प्रत काढून हेक्स एडिटरने प्रतीत तिथे 38 31 00 00 लिहा, एनटीएक्स काढून रीइंडेक्स करा आणि त्या वीस पट्ट्या कच्च्या वहीशी ताडून बघा. फाइलीचा आकारच डिरेक्टरीत वाढलेला नसेल तर हा उपाय लागू नाही. तेव्हा चेकडिस्कने बाजूला काढलेल्या तुकड्यांत शोधावं लागतं, आणि त्यापेक्षा पट्ट्या वहीवरून पुन्हा चढवणं लवकर होतं.